पासकी आणि सहा अंकी संकेत

पेण व रोहे तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या कामाचा मोठा भाग आता पडद्यावर होतो. मुलांची नोंद ‘सरल’वर, शाळेची माहिती ‘यू-डायस प्लस’वर, वेतनाचे काम ‘शालार्थ’मध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी निराळा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द. तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहिण्याची, अथवा सर्वत्र एकच वापरण्याची सवय धोक्याची होय. या नोंदींत मुलांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. त्यांचे रक्षण हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग आहे.

पासवर्ड मॅनेजर ही जणू कुलूपबंद पेटी. सर्व परवलीचे शब्द तीत कूटरूपाने राहतात आणि एका मुख्य शब्दाने पेटी उघडते. परंतु परवलीचा शब्द चोरीस जाऊ शकतो, म्हणून दुसऱ्या पुराव्याची जोड देतात. रोह्याशी जवळचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली ज्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्याच बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांस असा जादा पुरावा आवश्यक केला.

मोबाइलवरील ॲपमध्ये दिसणारा सहा अंकी संकेत हा असाच पुरावा होय. आरंभी संकेतस्थळ व ॲप यांच्यात एक गुप्त बीज ठरते. त्या बीजावरून व घड्याळातील वेळेवरून साधारणतः दर ३० सेकंदांनी नवे अंक तयार होतात. त्यामुळे डोंगरातील वाडीवर रेंज नसली तरी अंक दिसतातच. यात उणीव एकच : बनावट पानावर शिक्षकाने ते अंक भरले, तर भामटा त्याच अर्ध्या मिनिटात ते खऱ्या ठिकाणी वापरू शकतो.

पासकी ही उणीव दूर करते. तीत दोन किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली शिक्षकाच्या मोबाइलमध्ये वा पेटीत राहते. उघड किल्ली संकेतस्थळाकडे जाते. प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळ नवा प्रश्न धाडते. बोटाचा ठसा अथवा पिन दिल्यावर खासगी किल्ली त्यावर जणू सही करते आणि उघड किल्लीने ती सही पडताळली जाते. पेणच्या कारखान्यात साचा कारागिराजवळ राहतो व मूर्ती बाहेर जाते, तसेच हे. मात्र उपमा येथेच थांबते. मूर्तीवरून नवा साचा घेता येतो, उघड किल्लीवरून खासगी किल्ली व्यवहारतः काढता येत नाही. शिवाय पासकी त्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून बनावट पानापुढे ती उमटतच नाही.

मग सहा अंकांचे काम संपले काय? नाही. पुष्कळ ठिकाणी पासकीची सोय नाही. तेथे अंकच आधार. जेथे पासकी आहे, तेथेही परवलीच्या शब्दाचे जुने दार बहुधा उघडेच राहते. पुढचे दार भक्कम करून मागचे सताड ठेवणे व्यर्थ होय. सबब त्या दारावर अंकांचा पहारा चालू ठेवावा.

हे अंक त्याच पेटीत ठेवावेत काय, असा प्रश्न येतो. तसे केल्यास सोय होते, आणि केवळ परवलीचा शब्द फुटला तरी खाते सुरक्षित राहते. पण पेटीच परक्याच्या हाती गेली, तर दोन्ही पुरावे एकदम जातात. म्हणून मुख्य ईमेलसारख्या महत्त्वाच्या खात्यांचे अंक वेगळ्या ॲपमध्ये असणे इष्ट. इतर खात्यांचे पेटीत असले तरी, अंक मुळीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पेटीचा स्वतःचा संकेत मात्र केवळ पेटीतच ठेवू नये. किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखे ते होईल.

आरंभ स्वतःच्या ईमेल खात्यापासून करावा. पासकी तयार करून तिने एकदा प्रवेश करून पाहावा. खाते परत मिळविण्याचे राखीव संकेत कागदावर उतरवून घरी जपून ठेवावेत, म्हणजे पावसाळ्यात मोबाइल भिजून बंद पडला तरी काम अडणार नाही. शाळेच्या सामाईक संगणकावर स्वतःची पासकी साठवू नये. तेथे पडद्यावरील क्यूआर चिन्ह मोबाइलने टिपून प्रवेश करावा आणि काम संपताच खाते बंद करावे.