कल्पित मोहिमेंतील आश्रयदाता

मोठ्या शहरांतील तरुणांमध्यें एक बैठा खेळ बराच रूढ झाला आहे. चार-सहा मित्र मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेक पात्र पत्करतात. कोणी तलवारबहाद्दर, कोणी वैदू, कोणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, आपलें पात्र त्या प्रसंगीं काय करील तें प्रत्येक जण सांगतो, आणि जेथें यश येईल कीं अपयश हें निश्चित नसेल तेथें फांसे टाकून निर्णय होतो. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें या जातीचा पहिला खेळ छापून प्रसिद्ध केला. पुढें त्याचे नाना प्रकार निघाले. ज्यांनीं गांवच्या लळितांत सोंगें पाहिलीं आहेत त्यांस हा प्रकार अगदींच परका वाटूं नये. भेद इतकाच कीं, येथें संवाद आधीं रचलेले नसतात आणि नुसता बघ्या असा कोणीच नसतो.

अशा खेळांत एक मोहीम कित्येक महिने चालते. वीरांची ही टोळी कोणीतरी कामगिरीवर पाठवावी लागते, तिला दाणागोटा, शस्त्रें व परवाने पुरवावे लागतात, संकटांत तिच्या पाठीशीं उभें राहावें लागतें. हें करणारें जें वजनदार पात्र, त्यास आम्ही येथें आश्रयदाता म्हणतों. त्याची भूमिका सूत्रधारास स्वतःच वठवावी लागते, आणि तें पात्र कसें घडवावें हाच या लेखाचा विषय आहे.

नवशिक्या सूत्रधाराचा आश्रयदाता बहुधा निर्जीव निघतो. धर्मशाळेच्या कोपऱ्यांत कोणी म्हातारा घोंगडी पांघरून बसलेला असतो. तो मोहरांची थैली पुढें सारतो, डोंगरांतील राक्षसाचें नांव सांगतो आणि दिसेनासा होतो. ही नुसती बोलकी थैली झाली. थोडा चौकस खेळाडू लागलाच विचारतो, “हे गृहस्थ एवढे मातबर, तर स्वतःच कां जात नाहींत?” या प्रश्नास ज्याच्यापाशीं उत्तर नाहीं तो आश्रयदाता दुसऱ्या बैठकीपर्यंतही टिकत नाहीं. आमच्या मतें पात्राची घडण येथूनच सुरू व्हावी. त्याच्यापाशीं काय आहे हें मागाहून ठरवावें. त्याला काय करतां येत नाहीं तें आधीं ठरवावें.

याचे दाखले पाहण्यासाठीं परदेशच्या राजेरजवाड्यांकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. पेण आणि रोहें या आपल्या दोन तालुक्यांच्या भोंवतीं इतके धनी, इतके पाठीराखे आणि इतके आश्रित होऊन गेले आहेत कीं, एखाद्या सूत्रधारास जन्मभर पुरतील. मात्र एक सूचना आधींच करून ठेवतों. इतिहासांतील थोर पुरुष नांवानिशीं खेळांत आणूं नयेत. त्यांच्या तोंडीं आपले शब्द घालणें बरें नव्हे, शिवाय पुढें काय झालें तें ठाऊक असल्यानें खेळाची गोडीही जाते. त्यांच्या व्यवहाराची घडण तेवढी उचलावी.

रोह्याजवळचा अवचितगड घ्या. १७१३ सालीं शाहू छत्रपतींपुढें मोठा पेंच पडला होता. कान्होजी आंग्रे हे ताराबाईंच्या पक्षाचे. त्यांच्यावर पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्याच हातीं कैद झाले. छत्रपतींपाशीं गादी होती, सरदार होते. पण समुद्रावर त्यांचा हुकूम चालत नव्हता. तेव्हां त्यांनीं बाळाजी विश्वनाथ यांस पेशवाईचीं वस्त्रें देऊन या कामीं पाठविलें. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, कोंकणाची नस ओळखणारे. १७१४ मध्यें तह झाला. पिंगळे सुटले, कान्होजी शाहूंच्या पक्षास मिळाले, त्यांची सरखेली कायम झाली आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं त्यांजकडे राहिलीं. त्या दहा किल्ल्यांत अवचितगड एक होता. जें काम फौजेनें झालें नाहीं तें एका माहितगार माणसानें बोलणें लावून केलें. सूत्रधारानें येथें दोन गोष्टी टिपून घ्याव्यात. आश्रयदात्याची अडचण खरी होती. आणि त्यानें हाच मनुष्य कां निवडला यास कारण होतें. आपल्या मेजाभोंवतीं बसलेल्या पात्रांपैकीं एखादें कोळ्याचें असेल, एखादें पळून आलेल्या कारकुनाचें असेल, तर आश्रयदात्याला नेमकी कोळ्याची आणि कारकुनाचीच गरज पडावी. कोणीही चालला असता असें खेळाडूंस वाटलें कीं त्यांचा उत्साह मावळतो.

पेणजवळच्या सांकशीच्या किल्ल्याची हकीकत याहून कडू आहे. १५४० च्या सुमारास हा किल्ला व कर्नाळा हे दोन्ही गुजरातच्या सैन्यानें अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतले. निजामशाही पक्षानें वसईच्या पोर्तुगीजांकडे मदत मागितली. वसईच्या कप्तानानें किल्ले जिंकून परत दिले. गुजरातचें सैन्य पुन्हा आलें, तेव्हां पोर्तुगीजांनीं त्यांच्या रक्षणाचा भार स्वतःवर घेतला. एवढें झाल्यावर त्यांच्या गव्हर्नरानें हिशेब केला. किल्ले राखण्याचा खर्च फार, लाभ थोडा. तेव्हां खंडणी वाढवून घेऊन त्यानें ते निजामशाहाच्या हवालीं करून टाकले. यांत विश्वासघात म्हणावा असें कांहीं नाहीं, दुष्टावाही नाहीं. मदत खरी होती आणि हिशेबही खरा होता. पण गडावर ज्यांनीं पहारे केले त्यांना आपण कोणासाठीं लढलों हें कळलें असेल काय? खेळांतील आश्रयदाता एकाएकीं खलपुरुष निघतो ही युक्ति आतां फार शिळी झाली आहे. त्यापेक्षां तो प्रामाणिकच राहावा, आणि तरीही एके दिवशीं वीरांची किंमत त्याच्या वहींत जमेकडून खर्चाकडे जावी. याचा चटका अधिक बसतो.

सत्ता म्हणजे गादी किंवा तलवार असेंच नाहीं. ब्रह्मेंद्रस्वामी हे संन्यासी. त्यांच्यापाशीं फौज नव्हती. परंतु ते मोठमोठ्या सरदारांस कर्जें देत, आणि बाजीरावासारखा पराक्रमी पुरुष त्यांचा शिष्य तसाच ऋणकोही होता. १७२७ सालीं गोंवळकोटच्या सिद्दी सातानें चिपळुणाजवळील परशुरामाचें देवस्थान उद्ध्वस्त केलें. स्वामी कोंकण सोडून घांटावर धावडशीस राहिले. पण तेथून त्यांनीं सिद्दीवर मोहीम व्हावी म्हणून पत्रांमागून पत्रें धाडलीं. १७३३ मध्यें जंजिऱ्यावर स्वारी झाली आणि १७३६ मध्यें धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं, रेवसच्या बाजूस, चिमाजीअप्पांशीं झालेल्या लढाईंत सिद्दी सात पडला. त्या स्वारीस राजकीय कारणेंही होतीं, तीं आम्ही नाकारीत नाहीं. पण असा एक पुरुष मेजावर आणून पाहावा. त्याच्या हातीं शस्त्र नाहीं. आहे ती देण्याघेण्याची वही, मनांतली एक जखम आणि शब्दाचें वजन. तो रागावला तर धाड येत नाहीं, पत्र येतें. खेळाडू त्या पत्राला धाडीपेक्षां अधिक भितात.

आश्रयदाता मोठाच असावा हीही एक भ्रांति आहे. रोह्याच्या दक्षिणेस मांदाडच्या खाडीवर कुड्याचीं बौद्ध लेणीं आहेत. तीं कोणाच्या दानानें कोरलीं गेलीं हें तेथल्या शिलालेखांतून कळतें. मांदाडचे महाभोज त्यांत आहेतच. पण त्यांच्या पदरचा लेखक आहे, वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीं एका माळ्यानें आपल्या कमाईंतून दिलेलें दान आजही वाचतां येतें. सहा जणांच्या टोळीस सम्राटापेक्षां असा लोखंडाचा व्यापारीच अधिक शोभतो, कारण त्याला सहा माणसांची खरोखर गरज असते. उलट ज्या पात्राला आज्ञा करण्यासाठीं बोलावेंही लागत नाहीं असें पात्र हवें असेल तर रोह्याच्या धावीर महाराजांचा उत्सव पाहावा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं पालखी निघतांना या ग्रामदैवतास पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते. गांवाचा धनी कोण, हें त्या दिवशीं कोणास विचारावें लागत नाहीं.

आतां ज्या मुद्यास आम्ही सर्वांत महत्त्व देतों तो. आश्रिताला ‘नाहीं’ म्हणतां आलें पाहिजे. पुष्कळ सूत्रधार खेळाडूंनीं काम नाकारलें कीं गडबडतात आणि कांहीं ना कांहीं संकट उभें करून त्यांस पुन्हा त्याच वाटेवर हांकतात. खेळाडूंस हें चटकन् कळतें आणि मग तीं माणसें न राहतां सोंगट्या होतात. आश्रय घेणारा केवळ दुबळा असतो ही समजूतच चुकीची आहे. पोयनाडजवळच्या चरी या गांवीं १९३३ च्या ऑक्टोबरांत नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला. पंचवीस गांवें त्यांत सामील झालीं आणि हा संप सुमारें सहा वर्षें चालला. शेतें ओस राहिलीं, लोकांचे फार हाल झाले. पण कुळांवांचून खोत म्हणजे काय, हेंही त्या सहा वर्षांत सर्वांस दिसलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं या कुळांस पाठिंबा दिला आणि १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक आणलें. म्हणून आश्रयदात्याचें टिपण लिहितांना एक ओळ अवश्य असावी: ‘यांनीं नकार दिला तर हा काय गमावील?’ त्या ओळीपुढची जागा रिकामी राहिली तर तें पात्र अजून तयार झालेलें नाहीं.

एक पात्र उदाहरणादाखल घडवून दाखवितों. तें सर्वस्वीं काल्पनिक आहे. आपल्या खारेपाटांत समुद्राचें पाणी बांध घालून अडवितात आणि बांधाच्या उघाडींतून पावसाचें पाणी बाहेर सोडतात. बांध फुटला तर खारें पाणी शेतांत शिरतें आणि जमीन कित्येक वर्षें पिकत नाहीं. पूर्वीं बांध राखण्याची जबाबदारी घेऊन त्याबद्दल धान्याचा हिस्सा घेणारे शिलोत्रीदार या भागांत असत. कल्पना करा कीं, एका मायावी खाडीच्या कांठीं अशीच एक वृद्ध बाई आहे. सात गांवांच्या उघाड्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात. लोक तिला ‘आईसाहेब’ म्हणतात, पाठीमागें ‘खारी म्हातारी’. तिच्यापाशीं भात आहे, होड्या आहेत, आणि कोणाचें शेत केव्हां बुडेल हें ठरविण्याची शक्ति आहे. मात्र जुन्या करारानुसार तिनें स्वतः बांधाच्या पलीकडे पाऊल टाकलें तर तिचा हक्क संपतो. बांध पलीकडून कोणी तरी पोखरीत आहे. पलीकडे जाऊं शकेल असा मनुष्य तिला हवा आणि त्यानें तेथें पाहिलेलें सर्व सात गांवांत सांगूं नये हेंही तिला हवें.

येथवर तिची अडचण, सत्ता व इच्छा ठरली. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एकाच साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात. डोळ्यांची आखणी होईपर्यंत त्या सर्व सारख्याच दिसतात. पात्राचेंही तसेंच. म्हातारी बोलतांना किल्ल्या मोजते. ती पैसे कधींच देत नाहीं, भात देते, आणि मापून देते. वीरांपैकीं एकाचा आजा तिच्या बांधावर कामास होता व त्याची मजुरी राहून गेली, ही गोष्ट ती विसरलेली नाहीं. अशा दोन-तीन खुणा पुरेत. पांच पानांचें चरित्र लिहून ठेवणाऱ्या सूत्रधारांची आम्हांस कींव येते, कारण त्यांतील चार पानें कोणी ऐकत नाहीं.

बांध कोण पोखरतें, हें मात्र सूत्रधारानें लगेच पक्कें करूं नये. १९८० सालीं अमेरिकेंत ‘ट्रॅव्हलर’ नांवाच्या अंतराळप्रवासाच्या खेळासाठीं ‘सेव्हंटी-सिक्स पेट्रन्स’ या नांवाचें एक छोटें पुस्तक निघालें. त्यांत शाहत्तर आश्रयदाते दिले आहेत. प्रत्येकाचें म्हणणें एकच, पण त्यामागें सत्य काय असावें याचे निरनिराळे पर्याय. फांसा टाकून सूत्रधारानें एक घ्यावा. ही युक्ति फार उपयोगी आहे. आमच्या म्हातारीच्या बाबतींत पहिला पर्याय असा कीं पलीकडचे जलचर आपली जुनी जागा परत मागत आहेत आणि करार तिच्याच पूर्वजांनीं मोडला होता. दुसरा असा कीं तिचा मुलगा मीठागरें घालण्यासाठीं रात्रीं बांध खणतो आहे व तिला त्याचा संशय आहे. तिसरा, म्हातारीस सर्व ठाऊक आहे. तिला केवळ साक्षीदार हवे आहेत. खेळाडू जे तर्क करतात ते ऐकून मग यांतून निवड करावी. पुष्कळदां त्यांचाच तर्क आमच्या तिन्हींपेक्षां सरस असतो, आणि तो मुकाट्यानें उचलण्यांत कमीपणा नाहीं.

पहिल्या बैठकींत म्हातारीस समोर आणूं नये. तिचा निरोप्या यावा, चार पायली भात घेऊन. आणि वीरांनीं काम पत्करण्यापूर्वींच तो भात त्यांच्या ओट्यावर मापून ठेवून निघून जावा. ठेवून घ्यावा कीं परत करावा, यावर मेजाभोंवतीं वाद सुरू होईल. सूत्रधारानें त्यांत पडूं नये. अमावास्येच्या उधाणास किती दिवस उरले आहेत, तेवढें मात्र विचारल्यास सांगावें.