विश्लेषण : कढईतले तेल बाद कधी होते? टेम्पुरा ते बटाटेवडा… तळण्यामागचे विज्ञान काय सांगते?

जपानचा टेम्पुरा, बेल्जियमचे फ्राइज, ब्रिटनचे फिश अँड चिप्स, स्पेनचे चुरो आणि आपला बटाटेवडा. पीठ, मसाला, चव सगळेच वेगळे. पण कढईत जे घडते ते सारखेच. पदार्थ कुरकुरीत होणार की तेलकट, हे मुख्यतः तेलाचे तापमान आणि तेल किती जुने आहे यावर ठरते. यातील दुसऱ्या मुद्द्यावर अनेक देशांनी नियम केले आहेत आणि तैवानमध्ये तर त्यापायी आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

तेलात पडल्यावर नेमके काय होते?

पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते, तर तळणीचे तेल साधारण १६० ते १९० अंशांवर असते. वडा तेलात सोडला की त्याच्या पृष्ठभागाजवळच्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडू लागते. वड्याभोवती दिसणारे बुडबुडे या वाफेचे असतात. ती जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. तळणे म्हणजे खरे तर पदार्थाचा बाहेरचा थर झटपट वाळवणे. तो थर कोरडा पडला की त्याचे तापमान १०० अंशांच्या वर चढते आणि अमिनो आम्ले व साखर यांच्यात अभिक्रिया सुरू होते. सोनेरी रंग आणि खमंग वास येतो तो त्यातूनच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती मायार अभिक्रिया म्हणून ओळखली जाते.

मग पदार्थ तेल पितो कधी?

बराचसा भाग कढईतून बाहेर काढल्यावर! पदार्थ निवू लागला की आतली वाफ थंड होऊन आक्रसते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणून घाणा काढल्यावर झाऱ्यावर नीट निथळू देणे आणि गरम असतानाच कागदावर टाकणे याला अर्थ आहे. पाच मिनिटांनी कागद बदलून फारसे काही साधत नाही.

तेल पुरेसे तापलेले नसेल किंवा कढईत एकदम खूप वडे सोडले तर तापमान उतरते, वाफेचा जोर कमी होतो आणि पदार्थ जास्त वेळ तेलात राहतो. पदार्थ जितका पातळ, तितके तेल जास्त. बटाट्याच्या वेफर्समध्ये वजनाच्या जवळपास एक तृतीयांश तेल असते, तर जाड फ्राइजमध्ये साधारण १० ते १५ टक्के.

वेगवेगळ्या देशांनी काय युक्त्या शोधल्या?

पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले आणि पिठात बुडवून तळण्याची त्यांची रीत तिथे रुजली. ‘टेम्पुरा’ हे नावही उपवासाच्या दिवसांसाठीच्या लॅटिन शब्दावरून आले, असे मानले जाते. जपानी आचाऱ्यांनी पीठ बर्फासारख्या गार पाण्यात, तेही जेमतेम ढवळून भिजवायला सुरुवात केली. असे केल्याने गव्हातील ग्लूटेनची चिवट जाळी कमी तयार होते आणि आवरण हलके राहते.

बेल्जियममध्ये बटाटा दोनदा तळतात. आधी मध्यम आचेवर आतून शिजेपर्यंत, मग थोडा निवल्यावर कडक तेलात रंग येईपर्यंत. आपल्याकडे चकलीच्या पिठात कडकडीत मोहन घालतात. मोहनाने पिठाची पकड सैल होते आणि चकली खुसखुशीत होते. मात्र मोहन जास्त झाले तर ती तेलातच विरते.

बेल्जियमच्या फ्राइजवरून वाद का झाला?

स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जाहीर केले की पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून जास्त तापवले तर त्यात अॅक्रिलामाइड तयार होते. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संस्थेने ते त्याआधीच, १९९४ मध्ये, माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या घटकांच्या यादीत घातले होते. युरोपीय संघाने त्यावर नियम आखायला घेतले तेव्हा २०१७ मध्ये फ्लँडर्सच्या पर्यटनमंत्र्यांनी ‘आमच्या फ्राइजना हात लावू नका’ असा सूर लावला. नियम २०१८ पासून लागू झाले, पण पारंपरिक पद्धतीवर बंदी आली नाही. घरापुरता धडा सोपा आहे : बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतील साखर वाढते, आणि सोनेरी रंग आला की काढावेत, तपकिरी होऊ देऊ नयेत.

तेल जुने होते म्हणजे काय?

खरी चिंता इथे आहे. पदार्थातून निघालेले पाणी तेलाचे रेणू तोडते, हवेतील ऑक्सिजन त्यांचे ऑक्सिडीकरण करतो आणि उष्णतेने काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट व चिकट होते. तळाशी राहिलेला जळका चुरा या बिघाडाला वेग देतो. या सगळ्यातून जे घटक साचतात त्यांना ‘ध्रुवीय संयुगे’ म्हणतात आणि त्यांच्या प्रमाणावरून तेल बाद ठरवतात.

कढईशेजारी उभ्या माणसाला काही खुणा दिसतात. न विरणारा फेस, चिकटपणा, खवट वास आणि पूर्वीपेक्षा कमी आचेवर सुटणारा धूर. केवळ रंगावर विसंबणे मात्र चुकीचे. बेसन आणि हळदीने ताजे तेलही लवकर काळवंडते. जुन्या तेलात नवे ओतण्याची सवयही फसवी आहे. टक्केवारी खाली येते, पण साचलेले घटक तसेच राहतात आणि नव्या तेलाचाही बिघाड लवकर सुरू करतात.

तैवानमध्ये काय घडले होते?

टाकाऊ तेल गोळा करून, शुद्ध करून ते पुन्हा खाद्यतेलात मिसळल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. भेसळीचे तेल शेकडो खाद्यउत्पादनांत पोहोचले होते. त्या गदारोळात आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. चीनमध्येही गटारातून काढलेल्या तेलाच्या धंद्यावर २०११ मध्ये पोलिसांनी मोठी कारवाई केली होती.

भारतात नियम काय आहे?

ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून जास्त झालेले तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना २०१९ पासून त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यावे लागते. त्याचे बायोडिझेल किंवा साबण करता येतो. मोठ्या स्वयंपाकघरातले स्वस्त तेल पुन्हा लहान विक्रेत्याच्या कढईत जाऊ नये, हा हेतू. अडचण अशी की २५ टक्के डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजायला यंत्र लागते आणि रस्त्यावरच्या गाडीवर ते क्वचितच पोहोचते.

घरी काय करावे?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकदा तळणीला वापरलेले तेल गाळून भाजी-आमटीच्या फोडणीला, तेही एक-दोन दिवसांत वापरावे. पुन्हा तळायला घेऊ नये. म्हणून कढई काठोकाठ भरण्याऐवजी लहान कढईत बेताचे तेल घेणे बरे. उरलेले मोरीत ओतू नये. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ मध्ये अशाच तेल-चरबीचा आणि ओल्या वाइप्सचा थिजून तयार झालेला गोळा सापडला. त्याची लांबी २५० मीटर आणि वजन सुमारे १३० टन होते, आणि तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले.