नोंदवहीत हरवलेले फिलिपिनो

अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या दप्तरात बॉबी बाल्सेना या नावापुढे अवघे सात सामने नोंदलेले आहेत. अधिकृत फलंदाजी दोनदा, यशस्वी फटका एकही नाही, धावा दोन. आकड्यांवरून माणसाची किंमत करणाऱ्याने या ओळीपाशी क्षणभरही थांबू नये, इतकी ती किरकोळ. परंतु सप्टेंबर १९५६ मध्ये सिनसिनाटी संघातून मैदानात उतरलेला हा खेळाडू अमेरिकेच्या सर्वोच्च श्रेणीतील पहिला फिलिपिनो वंशीय खेळाडू होता, हे त्या ओळीवरून कोणालाही कळत नाही.

त्याला या मैदानापर्यंत आणणारी वाट अर्धशतकाहून अधिक लांबीची होती. १८९८ च्या युद्धानंतर स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपाइन्सचा ताबा अमेरिकेकडे दिला. पाठोपाठ सैनिकांनी छावण्यांतून आणि १९०१ साली बोटीने आलेल्या शेकडो शिक्षकांनी शाळांतून बेसबॉल तेथे रुजवला. जितांना सुसंस्कृत करण्याचे एक साधन म्हणून राज्यकर्ते या खेळाकडे पाहत होते. शिष्यांनी मात्र तो आपलासा केला. मनिला येथे १९१३ साली भरलेल्या पहिल्या अतिपूर्व क्रीडास्पर्धेत फिलिपाइन्सने बेसबॉलचे विजेतेपद मिळवले आणि १९५४ ची पहिली आशियाई स्पर्धाही जपानला मागे टाकून जिंकली.

असे खेळाडू अमेरिकेच्या व्यावसायिक संघांत का दिसले नाहीत? याचे उत्तर मजुरीच्या बाजारात शोधावे लागते. १९०६ साली हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांसाठी पंधरा फिलिपिनो मजूर नेण्यात आले. पुढे हजारो जण तेथे आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर गेले. अमेरिकेचे प्रजाजन असूनही त्यांना नागरिकत्व नव्हते. १९३० च्या जानेवारीत वॉटसनव्हिल येथे जमावाने फिलिपिनो मजुरांवर हल्ले केले. त्यात फर्मिन टोबेरा हा तरुण गोळी लागून ठार झाला. १९३४ च्या कायद्याने तर वर्षाकाठी केवळ पन्नास फिलिपिनोंना प्रवेशाची मुभा ठेवली. घाम हवा, शेजार नको, असा तो व्यवहार होता.

अशा काळात, १९२५ साली, कॅलिफोर्नियातील सॅन पेद्रो या बंदराच्या गावी बाल्सेना जन्मला. दुय्यम श्रेणीच्या संघांतून तो दशकाहून अधिक काळ खेळला. १९५५ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील स्पर्धा जिंकणाऱ्या सिएटल संघाचा तो लाडका खेळाडू होता. परंतु सर्वोच्च श्रेणीत तेव्हा संघच मुळी सोळा. त्यातही सिनसिनाटीच्या बाह्यक्षेत्रात त्या वर्षी अडतीस ‘होमरन’ करणारा फ्रँक रॉबिन्सन उभा होता. जागा मोजक्या आणि दावेदार पुष्कळ असले, की शेवटच्या रांगेतील माणसाची गुणवत्ता अजमावलीच जात नाही.

त्याच्या विस्मरणाला दप्तराची रीतही कारणीभूत आहे. नोंदवहीत जन्मस्थानाचा रकाना असतो, वंशाचा नसतो. म्हणून कॅलिफोर्नियात जन्मलेला बाल्सेना तेथे केवळ अमेरिकी ठरतो, आणि फिलिपाइन्समध्ये जन्मलेला पहिला खेळाडू म्हणून १९९६ साली पदार्पण करणाऱ्या मनिलाच्या बॉबी शुईनार्डचे नाव येते. आडनावाचाही आधार नाही. कारण १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरिया याने फर्मान काढून फिलिपिनोंना यादीतील आडनावे वाटून दिली होती. त्यामुळे नुसत्या नावावरून हा खेळाडू फिलिपिनो की मेक्सिकन, हे ओळखणे कठीण.

सात सामन्यांच्या खेळाडूचा गौरव म्हणजे गुणवत्तेचा अवमान नव्हे काय, असे कोणी विचारील. पण अग्रणीचे मोल त्याने काढलेल्या धावांत मोजायचे नसते. बंद दार कोणी प्रथम ढकलले, याची ती नोंद असते. बाल्सेना १९९० साली निवर्तला. आईच्या बाजूने फिलिपिनो वंशाचा असलेल्या टिम लिन्सेकमने २००८ आणि २००९ अशी सलग दोन वर्षे सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार पटकावला, तो पाहायला बाल्सेना उरला नव्हता. लिन्सेकमचे यश नोंदवायला साऱ्या वृत्तपत्रांना जागा मिळाली. त्याआधीच्या सात सामन्यांना एक ओळ पुरते. ती पुरेपूर लिहिली जावी, एवढीच अपेक्षा.