संगणक, त्याचें जाळें आणि आपला सातबारा

सातबारा काढण्यासाठीं डोंगराकडील वाड्यांतून राजुरास आलेल्या शेतकऱ्यास पुष्कळदां एकच उत्तर ऐकावें लागतें : "सर्व्हर बंद आहे." गेल्या पावसाळ्यांत एका केंद्रांत आम्हांसही तें ऐकावें लागलें. दिवसभर बसून परतण्याच्या वेळीं एका मुलानें सहज वांकून पाहिलें, तों भिंतीजवळच्या पेटीची तार निसटलेली होती. सर्व्हर बिचारा चालूच होता. दिवस मात्र आमचा बुडाला. तेव्हां हें यंत्र कसें चालतें व कोठें अडतें, याची थोडी ओळख शेतकऱ्यासही हवी असें आम्हांस वाटतें.

संगणकांत मुख्य भाग तीन. पहिला प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा. त्यास 0 आणि 1 या दोनच खुणा कळतात. अशा आठ खुणांचा एक बाइट होतो, आणि हल्लींच्या प्रचलित पद्धतीनें 'राजूर' एवढें नांव लिहून ठेवण्यास 15 बाइट लागतात. दुसरा भाग रॅम. यास खळें म्हणावें : चालू काम येथें पसरलेलें असतें, आणि वीज गेली कीं खळें झाडल्यासारखें रिकामें होतें. खळें लहान असलें तर कामही रेंगाळतें. तिसरा भाग डिस्क, ही कणगी. तींत भरलेलें वीज गेल्यावरही टिकतें.

आतां जाळ्याकडे वळूं. संगणकापासून तार राउटर नांवाच्या लहानशा पेटीस जाते, व तेथून मजकूर काचेच्या केसासारख्या तंतूंतून प्रकाशरूपानें किंवा मनोऱ्याकडे लहरींच्या रूपानें निघतो. तंतूंतील प्रकाश सेकंदास सुमारें 2 लाख किलोमीटर जातो. यास्तव मुंबई दूर म्हणून उशीर होतो, हें खरें नव्हे. लहरींस मात्र डोंगर आडवा येतो, आणि आमच्या भागांत डोंगरांची उणीव नाहीं. मजकूर एकसंध जात नाहीं. त्याचीं सुमारें दीड हजार बाइटांचीं गाठोडीं बांधून प्रत्येकावर ठिकाण व अनुक्रम घालतात. पोहोंचल्यावर तीं क्रमानें सोडतात. एखादें हरवलें तर तेवढेंच पुन्हां मागवितात. रेंज क्षीण असतां पडद्यावर चक्र फिरत राहतें, तें बहुधा या पुन्हांपुन्हांच्या मागणीमुळें.

मंदपणाचें दुसरें कारण कालव्याखालच्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें. त्याचें पाणी प्रवरेंतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येऊन दोन कालव्यांत वळतें. धरण कितीही भरलेलें असलें तरी शेतांत पाणी येतें तें शेवटच्या चारीच्या रुंदीइतकेंच, आणि वरच्यांनीं उपसलें कीं शेपटाकडचा कोरडा. एका राउटरवर वीस फोन चित्रपट पाहूं लागले म्हणजे सातबाऱ्याचें तेंच होतें.

सर्व्हर म्हणजे कांहीं निराळें दैवत नव्हे. रात्रंदिवस चालू राहून मागेल त्यास नोंद देणारा तो दूरचा संगणकच होय. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत 1998 सालीं सुमारें 70 गांवांसाठीं संगणक ठेवून उसाचें वजन व हिशेब गांवांतच कळावा अशी योजना निघाली. पुढें 2007 च्या सुमारास तेथील कांहीं गांवांत हेंच काम साध्या मोबाइलवरील संदेशांनीं करून पाहिलें. हातांतलें यंत्र कोणतेंही असो, नोंद दुसरीकडे असते, हें त्यावरून ध्यानांत येईल.

म्हणून पुढल्या खेपेस "सर्व्हर बंद" ऐकतांच प्रथम राउटरचे दिवे लागले आहेत कीं नाहीं तें पाहावें. मग त्याच संगणकावर दुसरें कोणतेंही पान उघडावयास सांगावें. तें उघडलें व सातबाराच येत नसला, तर दोष बहुधा सर्व्हरकडे. त्या दिवशीं घरीं जाणेंच बरें. कांहींच उघडत नसेल, पण आपल्या मोबाइलच्या डेट्यावर तेंच पान येत असेल, तर दोष केंद्राच्या तारेंत किंवा पेटींत आहे, आणि तो तेथल्या तेथें शोधतां येतो.

ई-पीक पाहणीसही हेंच लागू. 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतः पिकाचा फोटो काढून नोंद करूं लागले. बांधावर रेंज नसेल तर भरलेली माहिती फोनांतच पडून राहते. रेंजेंत येऊन ती पाठविल्यावांचून दप्तरांत पीक लागत नाहीं. फोटो काढला म्हणजे नोंद झाली, असें समजूं नये.

पावसाळ्यापुरतें आणखी एक. विजा कडाडूं लागल्या कीं राउटरची विजेची पिन काढून ठेवावी, नुसतें बटण बंद करूं नये. काचेच्या तंतूवाटे आकाशांतली वीज येत नाहीं. तांब्याच्या तारेवाटे येते, आणि पेटी जळते.