निमो कर्जतला राहायला येतोय?

रायगड म्हटलं की सगळ्यांना अलिबाग, काशीद, दिवेआगर आठवतं. आपल्या कर्जत-खालापूरवाल्यांच्या वाट्याला मात्र समुद्र आलाच नाही. आपल्याकडे उल्हास आहे, पाताळगंगा आहे, पावसाळ्यात धबधबे आहेत आणि ते बघायला येणारी मुंबईकरांची झुंबड आहे. त्यामुळे रात्री दोन वाजता रील बघताना निळ्या उजेडात डुलणारं ते ‘फूल’ आणि त्यात लपणारा केशरी-पांढरा मासा दिसला की वाटतं, समुद्रच घरी आणूया की!

जरूर आणा. पण शॉपिंगला निघण्याआधी पाच मिनिटं द्या.

ते फूल म्हणजे सी अ‍ॅनिमोन, मराठीत समुद्रफूल. नाव फुलाचं, पण आहे तो प्राणी. त्याच्या शुंडकांत दंश करणाऱ्या पेशी असतात. क्लाऊनफिशच्या अंगावरच्या चिकट थरामुळे त्याला तो दंश बाधत नाही. माशाला घर मिळतं आणि अ‍ॅनिमोनला राखणदार. आणखी एक गंमत म्हणजे सगळे क्लाऊनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो आणि ती गेली की तिचा नर पुढे मादी बनतो. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’मध्ये हे सोयीस्करपणे गाळलंय!

आता हिशोब. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेतली तर साधारण सव्वाशे लिटर पाणी लागतं. लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजे चार किलोहून जास्त मीठ. स्वयंपाकघरातलं नाही हं, मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ. बोअरच्या पाण्यात ते कालवू नका. त्यातल्या क्षारांनी सगळं गणित बिघडतं. घरच्या आरओचं पाणीही आधी टीडीएस मीटरने तपासा, कारण बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळले जातात. पाणी रोज उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. इथेच नवखे फसतात आणि खारं पाणी ओतत बसतात.

मग थांबायचं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर मासे. अ‍ॅनिमोन तर निदान सहा महिन्यांनी. का? त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते उजेडावर अन्न तयार करून त्याला पोसतं. उजेड, क्षारता, तापमान यांत चढउतार झाले की शैवाल निघून जातं आणि अ‍ॅनिमोन पांढरा पडतो. जागा आवडली नाही तर तो चक्क चालायला लागतो आणि पंपात अडकून चिरडतो.

हे मला कसं माहीत? एसवायला असताना तिसऱ्याच आठवड्यात मी अ‍ॅनिमोन आणला होता. जूनच्या पहिल्या वादळात रात्री लाइट गेली, ती सकाळपर्यंत आली नाही. पंप बंद, पाणी स्थिर. उजाडलं तेव्हा टाकी दुधासारखी झाली होती. अ‍ॅनिमोन मेला की सडतो आणि सगळं पाणी नासवतो. दोन्ही मासे त्यातच गेले. आईने काही न बोलता बादली आणून दिली. ती शांतता अजून आठवते.

खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातली वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळाली, पण वाऱ्यात फांदी पडली की अंधार आपल्याच गावात! २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा रायगडात कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. म्हणून टाकीच्या आधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या. इन्व्हर्टर असेल तर पाणी फिरवणारा पंप त्यावर जोडा. दुसरा शत्रू आपला एप्रिल-मे. टाकीला हवेत २५-२७ अंश आणि बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. त्याहून जास्त हवं असेल तर चिलर, आणि त्याचं बिल.

पण खरा प्रश्न पैशाचा नाही. बाजारातले बरेच अ‍ॅनिमोन थेट समुद्रातून उचललेले असतात आणि ते झटपट वाढणारे जीव नाहीत. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेला एक वेगळ्या जातीचा अ‍ॅनिमोन बरणीत १८८७ पर्यंत जगला. त्याला सगळे ‘ग्रॅनी’ म्हणायचे. तुमची डिग्री तीन वर्षांची. नंतर तुम्ही पुण्याच्या हॉस्टेलवर गेलात तर टाकी कोण बघणार? जिवंत प्रवाळ तर आणूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत. सजावटीला कोरडे दगड पुरतात.

मग स्वप्न सोडायचं? नाही, उलट क्रमाने बघायचं. क्लाऊनफिशला टाकीत अ‍ॅनिमोन लागतोच असं नाही. तिथे त्याला खाणारं कोणी नसतं. मातीच्या कुंडीतही तो सुखाने झोपतो. शिवाय हा मासा हॅचरीत जन्माला घालता येतो. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनची समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. कर्जतहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बर पकडली की पोहोचलात. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, ‘मासा हॅचरीतला आहे का?’ उत्तर टाळलं तर बाहेर पडा.

आणि अ‍ॅनिमोन बघायचाच असेल तर ओहोटीला हाजीअलीच्या खडकांवर जा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक २०१७ पासून तिथे किनारा दाखवत फिरतात. बघायचं, फोटो काढायचा, हात लावायचा नाही.

तर यंदा फक्त दोन मासे आणि एक कुंडी. या टाकीने एक मे आणि एक जून निभावला, दोन्ही मासे आवाज ऐकून काचेपाशी यायला लागले, की मग आईला विचारा, ‘एक अ‍ॅनिमोन आणू?’