पाहणीत ठीक ठरलेला पूल

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात १९२८चा दगडी कमानींचा पूल वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. योग्य की अयोग्य, एवढंच सांगणारा निकाल अपुरा असतो, कारण पुलावरचा भार ठरलेला नसतो. वाशीम जिल्ह्यात पैनगंगा आणि तिला मिळणारे नाले एखाद्या वर्षी कोरडे राहतात, तर एखाद्या रात्री फरशी पुलांवरून पाणी जातं. सोयाबीनच्या हंगामात बाजार समित्यांकडे जाणारे भरलेले ट्रकही वाढतात. म्हणून विचारायला हवं ते असं: वर्षभरात हा पूल निकामी होण्याची शक्यता किती?

समजा, पुलाची ताकद सरासरी १०० आणि वर्षातला सर्वांत मोठा भार सरासरी ६० आहे. दोन्ही आकडे सरासरीभोवती घंटाकृती पसरलेले असून प्रत्येकाचं प्रमाण विचलन १० आहे. मग भार ताकदीवर मात करण्याची शक्यता सुमारे ४३०त एक निघते. (खऱ्या पुलांसाठी याहून पुष्कळ कमी शक्यता धरतात, हे आकडे फक्त हिशेबापुरते.) आता पुरानं पायाखालची माती खरवडली आणि गज गंजले, त्यामुळे ताकद ९०वर आली. ताकद अजूनही भाराच्या दीडपट आहे, पण धोका ५९त एक, म्हणजे सातपट झाला! सरासरीची तुलना हा फरक दाखवतच नाही. ताकद दहा टक्क्यांनी घटली म्हणजे धोका दहा टक्क्यांनी वाढला, हा समज म्हणूनच घातक आहे.

यावर अभियंते म्हणतील की अशा गणिताला लागणाऱ्या दीर्घ नोंदी लहान नाल्यांसाठी नसतात. आक्षेप खरा आहे. दुर्मीळ पुराचा अंदाज मोजक्या वर्षांच्या पावसावरून काढला तर तो बराच चुकू शकतो. पण आधी कोणता पूल दुरुस्त करायचा, हे ठरवायला ढोबळ आकडाही पुरतो. शिवाय नोंदी नसल्या म्हणून धोका थांबत नाही. शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर पन्नास वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता ३९ टक्के असते. त्यामुळे प्रत्येक पुलापाशी दर पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं आणि हंगामात त्यावरून किती वजनाचे ट्रक गेले, याची नोंद ठेवण्याचं काम जिल्ह्यानं येत्या पावसाळ्यापासूनच सुरू करावं.