डाग गेला, पुन्हा आला : वांग आणि लेझर

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, जंगलाला लागून बोदलकसा तलाव आहे. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी उतरतात. आम्ही काही शिक्षक आठवी ते अकरावीच्या मुलांना घेऊन पक्षी पाहायला गेलो होतो. सकाळचे निरीक्षण आटोपले, ऊन चढले, तसे सगळे झाडाखाली डबे उघडून बसले. आमच्यातल्या एका मॅडमनी सकाळपासून तोंडाला बांधलेला दुपट्टा तेव्हा कुठे सोडला. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग होते. आपल्याकडे याला वांग म्हणतात.

"मॅडम, तुम्ही तर लेझर केलं होतं ना?" कोणीतरी विचारले.

"सहा वेळा केलं. मागच्या दिवाळीला चेहरा अगदी साफ होता. मे महिन्यात डाग परत आले, ते आधीपेक्षा काळे. पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण परत येऊ शकतात हे आधी कोणी सांगितलंच नाही."

यावर सल्ले सुरू झाले. कोणी हळद-दूध सांगितले, तर कोणी एका ट्यूबचे नाव. तेवढ्यात अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, लेझरनं लोखंड कापतात. मग एवढासा डाग का जात नाही?"

प्रश्न चांगला होता. आम्हाला त्याचे उत्तर तिथे नीट देता आले नाही. परत आल्यावर वाचून, विचारून जे समजले ते इथे मांडत आहोत.

रंग कुठे तयार होतो?

आपल्या त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनीन या द्रव्यामुळे असतो. बाह्यत्वचेच्या तळाशी काही खास पेशी असतात, त्यांना आपण रंगपेशी म्हणू. त्या मेलॅनीनचे बारीक कण तयार करतात आणि आपल्या फांद्यांसारख्या बोटांतून शेजारच्या पेशींना पुरवतात. एक रंगपेशी साधारण ३० ते ४० पेशींना रंग पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो रंगकणांच्या आकारात, संख्येत आणि मांडणीत.

मेलॅनीन हे उन्हातल्या अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करणारे छत्र आहे. ऊन वाढले की रंगपेशी जास्त रंग बनवतात. धानाच्या रोवणीला दिवसभर बांधीत वाकून काम केले की हात काळवंडतात ते यामुळेच. ढगाळ दिवशीही बरेचसे अतिनील किरण खाली पोचतात.

वांगामध्ये चेहऱ्याच्या काही भागातल्या रंगपेशी गरजेपेक्षा जास्त काम करू लागतात. ऊन, संप्रेरकांतले बदल आणि अनुवंश ही त्याची प्रमुख कारणे. म्हणूनच गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना काही स्त्रियांना वांग येतो. पुरुषांनाही तो होतो, पण कमी. शिवाय डागाखालच्या त्वचेत रक्तवाहिन्या वाढलेल्या आणि दोन थरांमधला पडदा नाजूक झालेला आढळतो. काही रंग या पडद्यातून खालच्या थरातही उतरतो. म्हणजे वांगाचे मूळ डागाच्या रंगापुरते नसते, त्या जागेच्या त्वचेची घडीच काहीशी बिघडलेली असते.

लेझर नेमके काय करतो?

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेझर किरण मिळवला. थोड्याच वर्षांत लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. पण आजूबाजूची त्वचा न भाजता फक्त रंगावर मारा कसा करायचा, याचे नीट उत्तर १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी मांडले. त्यांच्या मांडणीत दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

पहिला मुद्दा प्रकाश कोण शोषतो याचा. यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. एक पांढरा कागद घ्या आणि एक खाकी. दोन्हींवर काळ्या शाईचा सारखाच ठिपका काढा. शिक्षकांनी स्वतः मोकळ्या जागेत, जवळ पाण्याची बादली ठेवून, भिंगाने सूर्यप्रकाश आधी ठिपक्यावर आणि मग कोऱ्या कागदावर एकवटावा. (भिंगातून सूर्याकडे कोणीही पाहायचे नाही.) धूर निघायला किती सेकंद लागतात ते मोजा. पांढऱ्या कागदावर काळा ठिपका चटकन जळतो, कोरा भाग बराच वेळ टिकतो. खाकी कागदावर हा फरक कमी होतो. हा निष्कर्ष लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. भाताचे एक शीत ताटात पडताच निवते, पण पातेलेभर भात बराच वेळ गरम राहतो. वस्तू जितकी लहान, तितकी ती लवकर थंड होते. रंगकण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, त्यामुळे तो एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आतच थंड होतो. त्याला फोडायचे तर त्याहून कमी वेळात सगळी ऊर्जा दिली पाहिजे, म्हणजे उष्णता शेजारी पसरत नाही. म्हणून डागांसाठी वापरला जाणारा एक नेहमीचा लेझर (निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकाचा, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा) अवघ्या काही नॅनोसेकंदांचे ठोके देतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. या ठोक्याने रंगकण फुटतो आणि त्याचे तुकडे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात.

मग अडते कुठे?

पहिली अडचण खाकी कागदाची. लेझरला डागातले मेलॅनीन आणि डागाबाहेरचे मेलॅनीन यांतला फरक कळत नाही. गोऱ्या त्वचेत डाग आणि भोवतालचा भाग यांत मोठे अंतर असते. आपल्या सावळ्या त्वचेत ते कमी असते. ऊर्जा थोडी जास्त झाली की निरोगी त्वचाही तापते.

दुसरी अडचण आपल्या रोजच्या अनुभवातली. तव्याचा चटका बसला किंवा पुटकुळी फुटली तर त्या जागी कित्येक महिने काळा डाग राहतो. दाह झाला की रंगपेशी जास्त रंग ओततात, आणि सावळ्या त्वचेत हे अधिक होते. लेझर हाही एक सूक्ष्म चटकाच आहे. ज्या रंगपेशी आधीच चेकाळलेल्या आहेत, त्यांना त्याने आणखी चिथावणी मिळू शकते. आमच्या मॅडमचे डाग आधीपेक्षा काळे झाले, त्यामागे हे कारण असू शकते. उलट, कमी ऊर्जेचे ठोके फार वेळा दिले तर काहींच्या चेहऱ्यावर पांढरे ठिपकेही उमटतात.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. आपल्या भागात अनेक आज्यांच्या हातावर गोंदण असते. ते लेझरने बरेच फिके करता येते, कारण त्वचेत गेलेली काजळी तेवढीच असते, शरीर नवी काजळी बनवत नाही. वांगाचे तसे नाही. तिथे लेझर तयार माल फोडतो, पण कारखाना चालूच राहतो. ऊन मिळाले की तो पुन्हा जोमाने माल काढतो. हिवाळ्यात उजळलेला चेहरा वैशाखात पुन्हा डागाळला, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

म्हणजे लेझर खोटा आहे असे नाही. डोळ्याभोवतीच्या 'ओटाच्या डागा'सारख्या काही जुन्या, स्थिर डागांवर त्याचा चांगला उपयोग होतो. वांगावर मात्र तो पहिला उपाय मानला जात नाही. इतर उपचारांना जोड म्हणून, बेताने आणि अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाच्या हातूनच तो वापरावा लागतो.

निराशेनंतरचा धोका

लेझरने निराश झालेला माणूस पुष्कळदा औषधांच्या दुकानातल्या 'गोरेपणाच्या' ट्यूबकडे वळतो. यांतल्या काहींत तीव्र स्टिरॉइड असते. आठवडाभरात चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, केस आणि पुरळ येतात, आणि ट्यूब बंद केली की सगळे दुपटीने उसळते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पाऱ्याची क्रीम तर याहून घातक. पारा रंग बनण्याची क्रिया रोखतो खरा, पण त्वचेतून रक्तात शिरून मूत्रपिंडे बिघडवतो. २०२३ साली अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचे उघडकीस आले.

करावे काय?

सगळ्यात आधी कारखान्याचे इंधन तोडावे. टोपी, दुपट्टा, सावली आणि रोज सनस्क्रीन. खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात. सावळ्या त्वचेत साध्या दृश्य प्रकाशानेही रंग वाढतो, म्हणून रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी. त्यात लोहाचे ऑक्साइड असते, ज्याच्यामुळे गेरूला रंग येतो तेच. (घरचा गेरू मात्र चेहऱ्याला फासू नये.) त्यासोबत डॉक्टरांनी दिलेली औषधे, त्यांनी सांगितले तितकेच दिवस. हायड्रोक्विनोनसारखे चांगले औषधही मनानेच वर्षानुवर्षे लावले तर त्वचा निळसर-काळी पडू शकते.

लेझर करायचाच असेल तर आधी चार गोष्टी विचाराव्यात. हा डाग नक्की वांगच आहे का? माझ्यासारख्या सावळ्या त्वचेवर तुमचा अनुभव काय? डाग परत आला किंवा गडद झाला तर पुढे काय? आणि कानामागे किंवा डागाच्या एका कोपऱ्यात आधी चाचणी करून पाहाल का? 'कायमचा घालवतो' असे उत्तर मिळाले तर तिथून उठावे. वांग बहुधा आटोक्यात ठेवता येतो. तो समूळ जाईल अशी हमी प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

हे सारे आम्ही त्या मॅडमना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं तर." इतके दिवस त्या स्वतःलाच दोष देत होत्या. वांगाने शरीराला अपाय होत नाही, पण लोकांच्या नजरा आणि फुकटचे सल्ले माणसाला खचवतात. शाळेत मुली हे सारे पाहत आणि ऐकत असतात. म्हणून मेलॅनीनचा धडा शिकवताना एवढे जरूर सांगा, की सावळा रंग हे आपल्या त्वचेचे छत्र आहे, तो आजार नव्हे. आणि दोन कागदांचा प्रयोग करून पाहिलात तर तुमच्या वर्गात किती सेकंद भरले, ते आम्हाला जरूर कळवा.